आईच्या स्वयंपाकघरातील शिदोरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, आपल्या या ट्रस्टची स्थापना झाली. त्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. स्थापनेच्या दिवशी पंगतीत पाणी वाढण्याचे काम माझ्याकडे होते. आज पन्नास वर्षांनंतर याच ट्रस्टने मला बोलण्यासाठी उभे केले आहे. विश्वस्तांनी विषय सुचविला तो ‘जैन स्वयंपाकघराची परंपरा’. मी विनंती केली, की हा विषय एखाद्या भगिनीकडे द्यावा. मी कापडाचा व्यापारी, माझा संबंध मीटरपट्टीशी आणि कात्रीशी. त्यावर विश्वस्त म्हणाले, ‘तुम्ही जे खाल्ले आणि पाहिले तेवढेच सांगा.’ त्या मर्यादेत राहूनच मी बोलणार आहे. मी शास्त्राचा अभ्यासक नाही. चूकभूल झाल्यास विद्वज्जनांनी क्षमा करावी.

माझे बालपण सांगलीच्या कापड पेठेत गेले. खाली वडिलांचे दुकान आणि वर आमचे बिऱ्हाड अशी जुन्या पद्धतीची इमारत होती. मागच्या चौकात आड होता. आजी, आई, अण्णा, आम्ही चार भावंडे आणि दुकानातील दिवाणजी असे आठ जण रोज जेवायला असत. त्या घरातील दिवस आडावर सुरू होई, म्हणून मीही पाण्यापासूनच प्रारंभ करतो.

पाणी गाळल्याशिवाय वापरावयाचे नाही, हा आपल्याकडील पहिला संस्कार. आई पहाटे घागरीच्या तोंडावर दुहेरी गाळणे घालून पाणी ओती. गाळून झाले की ते गाळणे उलटे करून त्यावर गाळलेलेच पाणी सोडी, आणि त्यातून निघालेली जिवाणी लहान तांब्यात घेऊन, तो तांब्या दोरीने अलगद पाण्याच्या पातळीपर्यंत सोडून, पुन्हा आडात पोहोचवी. वरून ओतले तर जीवांना मार बसतो, म्हणून ही काळजी. ज्या आडाचे पाणी त्याच आडात जिवाणी, दुसऱ्या आडात नाही. लहानपणी मला हा खेळ वाटे. पुढे व्यापारात पडल्यावर लक्षात आले, की जे आपले नाही ते जिथून आले तिथे सुखरूप परत करणे, हा सचोटीचा पहिला धडा मी चौकातल्या आडावर घेतला होता.

गाळलेल्या पाण्यालाही मर्यादा होती. नुसते गाळलेले पाणी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे चाले. त्यानंतर ते पुन्हा गाळावयाचे. लवंग वगैरे घालून प्रासुक केलेले पाणी दोन प्रहर, म्हणजे सहा तास. आणि चांगले उकळलेले पाणी आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास. आमच्या घरी घड्याळ एकच होते आणि तेही खाली दुकानात. तरी आईचा हा हिशेब चुकल्याचे मला स्मरत नाही.

आता गाळण्याच्या कापडाविषयी दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो. परंपरेने गाळण्याचे माप ३६ अंगुळे लांब आणि २४ अंगुळे रुंद असे सांगितले आहे आणि ते दुहेरी करून वापरावयाचे आहे. अंगुळ म्हणजे साधारण पाऊण इंच धरल्यास हे माप २७ इंच लांब व १८ इंच रुंद भरते. आमच्या दुकानात कोरे मांजरपाट येई त्याचा पन्हा ३६ इंची असे. त्यातून पाऊण वार, म्हणजे बरोबर २७ इंच कापड फाडले आणि मधोमध दोन भाग केले, की दोन गाळणी तयार होत. पूर्वजांनी घालून दिलेले माप आणि मागावरचा पन्हा यांचा हा मेळ पाहून अण्णांना मोठे समाधान वाटे. ‘चिंधीसुद्धा वाया जात नाही,’ असे ते म्हणत.

कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. ती काढण्यासाठी आई कापड एकदा उकळून दोन-तीन वेळा धुऊन घेई. धुतल्यावर कापड आटते, वीण अधिक घट्ट होते, आणि मगच ते गाळण्याच्या योग्यतेचे होते. अंगावर नेसलेल्या लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा तिला चालत नसे. नवे गाळणे ती दोन्ही हातांनी उन्हात धरी. कापडातून सूर्याचे बिंब स्पष्ट दिसले, तर ते कापड नापास. दुकानात आलेल्या एका गठ्ठ्यातील मांजरपाट तिने याच परीक्षेत नापास केले होते. अण्णांनी निमूटपणे दुसऱ्या ताक्यातून फाडून दिले. गिऱ्हाईक म्हणून आई सर्वांत कठीण होती.

पाण्यानंतर पीठ. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि हिवाळ्यात सात दिवस. त्यामुळे आमच्या घरात पिठाचा मोठा डबा नव्हताच. आजीच्या काळी जात्यावर आणि पुढे गिरणीत, पण दळण थोडे थोडे आणि वारंवार. दूध काढल्यापासून दोन घटिकांच्या आत तापवावयाचे. लोणी निघाले की साठवून न ठेवता त्याचे लगेच तूप करावयाचे. डाळीचे पीठ आणि कच्चे दही-ताक एकत्र करावयाचे नाही, कारण ते द्विदल. म्हणून कढी करताना आई ताक आधी स्वतंत्र तापवून घेई आणि मगच त्यात बेसन कालवी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, चातुर्मासात पालेभाज्या नाहीत. हे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते. ते आईच्या हातात होते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगावीशी वाटते. आपण पुरुष मंडळी या मर्यादांचा उल्लेख अभिमानाने करतो. परंतु दर तीन दिवसांनी दळण निवडले कोणी? भर पावसाळ्यात ओल्या लाकडांवर पाणी उकळले कोणी? आमच्या घरी हे सर्व आजीने, आईने आणि बहिणींनी केले. आम्ही केवळ पाटावर येऊन बसलो. परंपरा पाळली त्यांनी आणि पंगतीत तिचे कौतुक ऐकून घेतले आम्ही. ही परंपरा पुढे चालावी असे वाटत असेल, तर तिचे कष्टही वाटून घ्यावे लागतील, असे माझे नम्र मत आहे.

कंदमुळांचा त्याग तर आपणा सर्वांना परिचित आहे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओले आले आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाही. सुंठ मात्र चाले. आमची सांगली हळदीची पेठ. ओली हळद घरात येत नसे, पण वाळवून दळलेली हळद प्रत्येक फोडणीत असे. मी एकदा आजीला विचारले होते, ‘शेंगा जमिनीखालीच येतात, मग त्या कशा चालतात?’ आजी म्हणाली, ‘अरे, शेंग हे बी आहे, मूळ नव्हे. शेंग काढेपर्यंत वेलीचे दिवस भरलेले असतात.’ ती शाळेत गेलेली नव्हती. पण तिच्याजवळ प्रत्येक नियमाचे कारण होते आणि त्या कारणात कोणत्या ना कोणत्या जीवाची काळजी होती.

आता काही साध्या पाककृती सांगतो. यांत नवल काही नाही. आपल्यापैकी अनेक भगिनी माझ्याहून चांगल्या करीत असतील. तरीही सांगतो, कारण आमच्या घरी त्या कधीच लिहिल्या गेल्या नाहीत आणि आईच्या पश्चात मला व आमच्या सौभाग्यवतींना त्या आठवून आठवून पुन्हा जुळवाव्या लागल्या.

पहिली, शेंगदाण्याची चटणी. आपल्या भागात कांदा-लसणाच्या चटणीशिवाय भाकरी जात नाही म्हणतात. आमची गेली. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, साले पाखडून घ्यावीत. एक चमचा जिरे, सात-आठ सुक्या मिरच्या आणि मूठभर कढीलिंब कोरडाच कुरकुरीत होईपर्यंत भाजावा. पाव वाटी किसलेले सुके खोबरे, चवीपुरते मीठ आणि चिमूटभर हिंग घालून हे सर्व उखळात कुटावे. मिक्सरमध्ये याची भुकटी होते. उखळात कुटल्यावर शेंगदाण्याचे तेल सुटते आणि चटणी किंचित ओलसर होते. तेल सुटले की थांबावयाचे. लसणाची आठवण हिंग आणि जिरे येऊ देत नाहीत.

दुसरी, मुगाची आमटी. एक वाटी मूगडाळ हळद घालून मऊ शिजवावी. तुपात जिरे, हिंग, कढीलिंब आणि एक सुकी मिरची यांची फोडणी करून तीत डाळ ओतावी. दोन-तीन आमसुले, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि पाव चमचा सुंठेची पूड घालून उकळी आणावी. आल्याची जागा सुंठ घेते आणि पावसाळ्यात घशालाही बरे वाटते. घरात कोणी आजारी पडले, की याच आमटीचे वरचे पाणी तुपाचा थेंब घालून मिळे.

तिसरी, ज्वारीच्या कण्या. हा आमच्या संध्याकाळचा मुख्य आधार होता. ज्वारी जाडसर भरडून, चाळणीने पीठ वेगळे काढून, राहिलेल्या कण्या धुऊन घ्याव्यात. एका वाटीला चार वाट्या पाणी उकळत ठेवून, मीठ घालून, त्यात कण्या वैरून मंद आचेवर शिजवाव्यात. मधून मधून तळाशी ढवळावे लागते. दुर्लक्ष झाले की लागतात. कणी बोटाने दाबल्यावर मऊ लागली की उतरवावे. उन्हाळ्यात त्या निववून ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घालून खाव्यात. ज्वारी हे द्विदल नसल्यामुळे ताक चालते. हिवाळ्यात गरम दूध आणि गूळ. आंबील करण्यासाठी रात्रभर पीठ आंबविणे आपल्या मर्यादेत बसत नाही, म्हणून आमच्याकडे त्याच दिवशी केलेल्या या ताक-कण्याच आंबिलीचे काम करीत.

चौथी, खपली गव्हाची खीर. आपल्या भागातील काही घरे हिलाच हुग्गी म्हणतात. सणावाराला आणि पाहुणचाराला ही असे. सडलेली खपली धुऊन दोन तास भिजत घालावी आणि भरपूर पाण्यात गहू उकलेपर्यंत शिजवावी. गहू पुरता मऊ होण्यापूर्वी गूळ घालू नये. गूळ पडला की गहू पुढे मऊ होत नाही. ही चूक माझ्या हातून दोन वेळा झाली आहे. वाटीभर गव्हाला वाटीभर गूळ, ओले खोबरे, सुंठ, वेलदोडे आणि थोडी बडीशेप घालून पुन्हा अर्धा तास शिजू द्यावी. पानात वाढल्यावर वरून दूध आणि साजूक तूप.

प्रवासाची शिदोरी वेगळी. १९६७ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला आम्ही गेलो, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पहिल्या दिवसासाठी आईने दुधात पीठ मळून दशम्या केल्या होत्या. पुढील दिवसांसाठी तुपात भाजलेल्या पिठाचे गूळ घातलेले लाडू होते. त्यांना पाण्याचा स्पर्श नसल्यामुळे त्यांची मर्यादा पिठाच्या मर्यादेइतकीच. बाहुबली भगवंतांची मूर्ती प्रथम पाहिली तेव्हा माझ्या हातात अर्धा लाडू होता आणि वर पाहता पाहता तो खाण्याचे मी विसरलो, एवढे मला आजही आठवते.

मित्रहो, येथपर्यंत मी आनंदाने बोललो. आता जे सांगावयाचे आहे ते तितके सोपे नाही.

आपल्या परंपरेत रात्रिभोजनाचा त्याग आहे. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका जेवण आटोपावे, असा दंडक. अण्णा आयुष्यभर तो पाळीत. हिवाळ्यात पाच वाजता आणि उन्हाळ्यात सहाच्या सुमारास ते गल्ला दिवाणजींच्या हवाली करून वर जात, जेवून तासाभराने पुन्हा गादीवर येऊन बसत. नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होते. ती मंडळी थांबत.

मी बी. कॉम. होऊन १९८० साली दुकानात बसू लागलो. नवे शिक्षण होते, हिशेबाची हौस होती. संध्याकाळचा तो एक तास म्हणजे गिऱ्हाइकीचा भर, आणि नेमका तेव्हाच मालक जागेवर नाही, हे मला खटकू लागले. मी वर्षाचा तोटा कागदावर मांडून अण्णांना दाखविला. त्यांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘बेरीज बरोबर आहे. पण नावे टाकलेस तेवढेच लिहिलेस, जमा लिहिली नाहीस.’ मला ते उत्तर त्या वेळी पटले नाही.

१९९४ साली अण्णा गेले. लगीनसराईत बस्ता बांधण्यासाठी खेड्यांतून माणसे येतात. एका बस्त्याला तीन-चार तास लागतात. एवढे गिऱ्हाईक सोडून जेवायला कसे उठावे? आज बस्ता आहे, असे म्हणून मी पहिल्यांदा रात्री नऊला जेवलो. मग लगीनसराईत रोजच. मग दिवाळीत. मग लगीनसराई संपली तरी सवय राहिली. नियम एका दिवसात मोडला नाही, रोज थोडा थोडा झिजला. आई एका शब्दानेही बोलली नाही. संध्याकाळी माझे ताट वाढून ती जिन्याच्या तोंडाशी बसे, हे मी खालून पाहत असे. ‘आलोच,’ असे मी म्हणे. मी येत नसे. अशी पंचवीस वर्षे गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. त्या खुणेच्या वर हातभर अंतर ठेवून मी सर्व माल माळ्यावर चढविला आणि निश्चिंत झालो. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. माझा सर्व हिशेब पाण्यात गेला, अक्षरशः. वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते, जिन्याच्या निम्म्या पायऱ्या बुडालेल्या. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो. चोहीकडे पाणी आणि पिण्याला थेंब नाही, अशी अवस्था. आईचे वय तेव्हा ब्याऐंशी होते. तिने पागोळीखाली पातेली मांडली आणि पावसाचे पाणी धरले. ते गाळण्यासाठी तिने मला कापड मागितले. खाली माझ्या दुकानात शेकडो ताके होते आणि त्यांतला एक वीतभर तुकडाही कोरडा नव्हता. कापडाचा व्यापारी मी, आईला गाळणे देऊ शकलो नाही. शेवटी तिने दोरीवरचे आपले जुनेच गाळणे घेतले, पाणी गाळले, उकळले आणि आम्हा सहा जणांना त्यावर चार दिवस जगविले.

७ ऑगस्टला पार्श्वनाथ भगवंतांची मोक्षसप्तमी होती. मंदिराकडे जाणे शक्य नव्हते. आईने घरातच उपवास केला. दुसऱ्या दिवशी पारण्याला ज्वारीच्या कण्या आणि गूळ होता. दिवे नसल्यामुळे आम्ही सर्वजण उजेड आहे तोवर जेवून घेत होतो. त्या संध्याकाळी आईच्या शेजारी पाटावर बसून मी जेवलो. पंचवीस वर्षांत प्रथमच दिवस असताना आम्ही दोघे एका पंगतीत होतो. आई जेवून उठली आणि म्हणाली, ‘आज पोटभर झालं.’

मला वाटले, उपवासानंतरचे जेवण म्हणून ती तसे म्हणाली असेल. रात्री अंधारात आमच्या सौभाग्यवतींनी मला खरे काय ते सांगितले. आई रोज संध्याकाळी माझ्यासाठी थांबे. मी ‘आलोच’ म्हटले की ती जेवायची थांबे. मुलगा येईल, दोघे मिळून जेवू. तेवढ्यात दिवस मावळे आणि मग नियमामुळे तिचे जेवण राहून जाई. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी असे होई. मला सांगावयाचे नाही, अशी तिने सुनेला ताकीद दिली होती. मी केवळ माझा नियम मोडतो आहे, असे इतकी वर्षे समजत होतो. त्याचा उपास दुसरेच कोणी करीत होते.

पूर ओसरला. चिखल काढला, भिजलेला माल मातीमोलाने गेला, कर्ज काढून दुकान पुन्हा उभे केले. पुन्हा शटर उघडले त्या दिवसापासून मी संध्याकाळी दिवस असताना जेवतो. रोज वर जाणे जमतेच असे नाही, हे खोटे सांगणार नाही. बस्ता असला की ताट खाली येते आणि मी गादीमागच्या खोलीत पंधरा मिनिटांत जेवतो. गिऱ्हाईक थांबते. अण्णांचे गिऱ्हाईक थांबत होते, तसेच माझेही थांबते. पंचवीस वर्षे मी त्यांना थांबा म्हणून विचारलेच नव्हते. आई त्यानंतर तीन वर्षे होती. त्या तीन वर्षांत तिचे संध्याकाळचे जेवण माझ्यामुळे एकदाही राहिले नाही, एवढेच माझ्या जमेच्या बाजूला आहे.

आज आपल्या स्वयंपाकघरांची स्थिती आपण जाणतोच. हॉटेलांत जैन पावभाजी मिळते, जैन पिझ्झा मिळतो. बटाट्याच्या जागी कच्चे केळे घातले की काम भागते. सोय झाली, ही चांगली गोष्ट आहे, मी तिला नावे ठेवीत नाही. माझी नातवंडेही ते आवडीने खातात. पण रात्री अकरा वाजता मिळणारी जैन पावभाजी ही परंपरेतील नेमकी कोणती गोष्ट टिकविते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. कांदा-लसूण वगळणे हे एक अंग झाले. किती शिजवावे, केव्हा खावे, काय परत करावे आणि आपल्या जेवणाचा भार कोणावर पडतो, याचा विचार हे दुसरे अंग. ते ताटात दिसत नाही, म्हणून ते प्रथम सुटते. परदेशात किंवा रात्रपाळीत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना सर्व नियम पाळणे शक्य नाही, हे मी समजतो. त्यांनी आठवड्यातून एक दिवस पाळावा. तोही पुरेसा आरंभ आहे.

शेवटी सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन सूचना विनम्रपणे मांडतो. पहिली, ट्रस्टने एक वही ठेवावी आणि प्रत्येक घरातील ज्येष्ठ भगिनींकडून त्या घरच्या पाककृती व रीती लिहून घ्याव्यात. लिहून घेण्याचे काम घरातील मुलांनी करावे, म्हणजे लिहिता लिहिता त्यांच्या कानावरही पडेल. दुसरी, ट्रस्टच्या सभागृहात होणाऱ्या विवाहसमारंभांत संध्याकाळचे भोजन दिवस असताना सुरू करण्याचा आग्रह ट्रस्टने धरावा. आरंभी तक्रारी येतील, मग सवय होईल.

तिसरी सूचना माझ्यापुरती आहे. यापुढे आपल्या समाजातील जो बस्ता माझ्या दुकानात बांधला जाईल, आणि जो इतरत्र बांधला जाईल त्यालाही, माझ्याकडून पाऊण वार कोरे मांजरपाट विनामूल्य मिळेल. त्यात दोन गाळणी होतात. एक मुलाच्या घरी, एक मुलीच्या माहेरी. ती उकळून धुऊन घ्यावीत आणि वापरण्यापूर्वी एकदा उन्हात धरून पाहावीत. बिंब दिसले, तर निःसंकोच परत आणावे. मी दुसऱ्या ताक्यातून फाडून देईन.

 घड्याळात साडेचार वाजले आहेत. पत्रिकेत भोजनाची वेळ पाचची दिली आहे आणि ती पाळली जावी, म्हणून मी येथेच थांबतो.

जय जिनेंद्र.